शेजार कोणी निवडायचा?

गरिबांनी गरिबांच्याच वस्तीत राहावे, असे उघडपणे म्हणणारा माणूस आजच्या अमेरिकेत शोधूनही सापडणार नाही. तसे म्हणण्याची गरजच कोणाला उरलेली नाही. ज्याला जिथे परवडते तिथे तो राहतो, ज्याला जिथे आवडते तिथे तो रमतो, त्यात सरकारने लुडबुड कशाला करावी, एवढे म्हटले की काम भागते. हा युक्तिवाद आम्ही वर्तमानपत्रांच्या स्तंभांतून वाचला, शहरांच्या नियोजन-सुनावण्यांच्या वृत्तांतांतून वाचला आणि (लिहायला संकोच वाटतो, पण) तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या मराठी मंडळींच्या तोंडूनही पुष्कळ ऐकला. त्यात तथ्य किती आणि सोय किती, हे एकदा तपासून पाहावे असे वाटले. तपासल्यावर आमचे मत असे झाले आहे की तो जवळजवळ सगळाच सोयीचा आहे.

विषय आहे अमेरिकेतल्या ‘हाउसिंग व्हाउचर’चा. १९७४ सालच्या गृहनिर्माण कायद्यातल्या कलम ८ मधून या योजनेचा उगम झाला. सरकारने गरिबांसाठी वेगळ्या इमारती बांधून त्यांत त्यांना कोंबण्यापेक्षा, खाजगी बाजारातले घर भाड्याने घेण्यासाठी मदत द्यावी, असा तिचा विचार. कुटुंबाने आपल्या उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के रक्कम भाड्यापोटी भरायची. उरलेले भाडे, ठरावीक मर्यादेपर्यंत, स्थानिक गृहनिर्माण प्राधिकरणाने थेट घरमालकाच्या हाती द्यायचे. आज सुमारे २३ लाख कुटुंबे या मदतीवर राहतात. त्यांत जवळजवळ निम्मी कृष्णवर्णीय आहेत. मदतीस पात्र असलेल्या दर चार कुटुंबांपैकी जेमतेम एकाला केंद्र सरकारची कुठली ना कुठली भाडेमदत मिळते. बाकीची वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत असतात, आणि अनेक शहरांत ती यादीच नव्या नावांसाठी बंद असते.

कागदावर पाहिले तर ही योजना मोठी उदार. व्हाउचर हाती आले की कुटुंबाने हवे ते घर शोधावे, हव्या त्या वस्तीत जावे. मग ही लाखो कुटुंबे पुन्हा त्याच जुन्या, दारिद्र्याने पोखरलेल्या वस्त्यांत का दिसतात? इथे सोयीचे उत्तर तयारच असते: त्यांना तिथेच राहायचे असते.

आता व्हाउचर हाती आल्यानंतर प्रत्यक्षात काय घडते ते पाहू. घर शोधायला निदान ६० दिवस मिळतात. पुढची मुदतवाढ देणे न देणे प्राधिकरणाच्या मर्जीवर. या काळात असा घरमालक शोधायचा, ज्याचे भाडे मर्यादेत बसते, जो जुने क्रेडिटचे रेकॉर्ड आणि कधीकाळी झालेली घरातून हकालपट्टी माफ करतो, घराची सरकारी तपासणी होईपर्यंत जागा रिकामी ठेवतो, आणि डिपॉझिटसाठी थांबतो. कारण व्हाउचर भाड्याचे असते, डिपॉझिटचे नसते. हे सारे करायचे ते दोन मुले सांभाळून, तासावरची नोकरी न बुडवता, पुष्कळदा मोटारीशिवाय. आणि एवढे करून फोन लावल्यावर पलीकडून विचारणा होते, ‘कलम आठवाले का?’ अर्बन इन्स्टिट्यूट या संस्थेने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पाच शहरांतल्या घरमालकांना प्रत्यक्ष विचारून पाहिले. फोर्ट वर्थमध्ये ७८ टक्के, लॉस एंजेलिसमध्ये ७६ टक्के आणि फिलाडेल्फियात ६७ टक्के घरमालकांनी व्हाउचर घ्यायला सरळ नकार दिला. नेवार्कमध्ये हे प्रमाण ३१ टक्के, तर वॉशिंग्टन शहरात १५ टक्के होते. या शेवटच्या दोन ठिकाणी असा नकार देणे कायद्याने बंद आहे. चांगल्या वस्त्यांत हा नकार अधिक, असेही त्या पाहणीत आढळले. देशभरात व्हाउचर मिळालेल्या कुटुंबांपैकी साधारण साठ टक्क्यांनाच ते मुदतीत वापरता येते. उरलेल्यांचे व्हाउचर, वर्षानुवर्षांच्या प्रतीक्षेनंतर, परत जाते. या शर्यतीत जे कुटुंब ओळखीच्या वस्तीतल्या ओळखीच्या घरमालकाकडे, जो व्हाउचरच्याच भाड्यावर धंदा करतो त्याच्याकडे, मुदत संपण्याच्या आत जाऊन सही करते, त्याने तिथे राहण्याची ‘निवड’ केली असे म्हणायचे असेल, तर निवड या शब्दाचा अर्थ आपल्याला नव्याने ठरवावा लागेल.

वस्त्यांची ही विभागणी आपोआप झालेली नाही, हे सिद्ध करायला समाजशास्त्राचीही गरज नाही. अमेरिकेच्या न्यायालयांनीच ते लिहून ठेवले आहे. शिकागोचे उदाहरण घ्या. तिथल्या गृहनिर्माण प्राधिकरणाने सरकारी घरे जवळजवळ केवळ कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतच बांधली, कारण जागेला संमती देण्याचा अधिकार नगरसेवकांच्या हाती होता आणि गोऱ्या वॉर्डांचे नगरसेवक ती देत नसत. डोरोथी गोत्रो नावाच्या, स्वतः सरकारी घरात राहणाऱ्या कार्यकर्तीच्या नावाने १९६६ साली दावा दाखल झाला. अलेक्झांडर पोलिकॉफ हे त्यातले वकील. १९६९ मध्ये न्यायाधीश ऑस्टिन यांनी प्राधिकरणाला दोषी ठरवले, आणि १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला की केंद्रीय खात्याच्या चुकीवरचा उपाय शहराच्या हद्दीत अडवून ठेवता येत नाही, तो उपनगरांपर्यंत नेता येतो. गोत्रोबाई मात्र १९६८ सालीच वारल्या होत्या. त्यांच्या नावाने चाललेल्या कार्यक्रमातून १९७६ ते १९९८ या काळात सात हजारांवर कुटुंबांची घरे बदलली. त्यांतली निम्म्याहून अधिक उपनगरांत गेली. जेम्स रोझेनबॉम यांनी या कुटुंबांचा मागोवा घेतला तेव्हा उपनगरांत गेलेल्यांची मुले शाळेत अधिक टिकलेली आणि कॉलेजात अधिक गेलेली आढळली. नमुना लहान होता, आणि त्याचा आक्षेपकांनी पुरेपूर उपयोग करून घेतला.

म्हणून मग सरकारने खरा प्रयोग केला. १९९४ ते १९९८ दरम्यान बाल्टिमोर, बॉस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क या पाच शहरांत सुमारे ४६०० कुटुंबांची सोडत काढण्यात आली. एका गटाला असे व्हाउचर मिळाले, जे केवळ १० टक्क्यांहून कमी दारिद्र्य असलेल्या वस्तीतच वापरता येईल; दुसऱ्याला साधे व्हाउचर; तिसऱ्याला नवे काहीच नाही. या कुटुंबांना हलायचे का आहे, असे विचारल्यावर बहुसंख्यांनी पहिले वा दुसरे कारण सांगितले ते टोळ्या आणि अंमली पदार्थ यांपासून सुटका. ‘आपल्या माणसांत रमणाऱ्या’ गरिबांचे हे उत्तर त्या युक्तिवादाच्या पुरस्कर्त्यांनी फारसे उद्धृत केलेले आम्हांस तरी आढळले नाही.

प्रयोग पूर्ण रंगण्याआधीच त्याचे काय झाले, हा भाग आम्हांला सर्वांत बोलका वाटतो. बाल्टिमोरमधून हलणारी कुटुंबे अवघी काहीशे होती. तरीही १९९४ च्या निवडणुकीच्या हंगामात शहराच्या पूर्वेकडच्या डंडॉक आणि एसेक्स या उपनगरांत असा गिल्ला झाला की जणू अख्खे शहर अंगावर चालून येत आहे. मौज अशी की या भागांतल्या कित्येक वस्त्या १० टक्क्यांच्या अटीतच बसत नव्हत्या. तिकडे फारसे कोणी जाणारच नव्हते. पण ओरडा मेरीलँडच्या सिनेटर बार्बरा मिकुल्स्की यांच्यापर्यंत पोचला, आणि खर्चवाटपाच्या उपसमितीच्या त्या अध्यक्ष असल्यामुळे कार्यक्रमाच्या दुसऱ्या वर्षाचा निधीच रद्द झाला. मिकुल्स्की डेमोक्रॅट, म्हणजे उदारमतवादी पक्षाच्या. पाहुणा दाराशी येण्याआधीच, तो येणार असल्याच्या नुसत्या अफवेने, उदारमतवादाची कडी आतून लागली.

नंतर प्रयोगाचे निष्कर्ष येऊ लागले, आणि पहिली दहा-पंधरा वर्षे ‘फसला’ हाच शेरा त्यावर पडला. मोठ्या माणसांच्या कमाईत काही फरक पडला नव्हता. स्त्रियांचे मानसिक स्वास्थ्य सुधारले होते. अतिलठ्ठपणा आणि मधुमेह कमी झाल्याचे २०११ साली नामांकित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्धही झाले. पण ज्या देशात पगाराच्या आकड्यावाचून यश मोजता येत नाही, तिथे आईला रात्री शांत झोप लागू लागली याला किंमत कोण देणार? शिवाय व्हाउचर मिळालेल्या पहिल्या गटातल्या जेमतेम निम्म्यांनाच ते वापरून घर मिळाले होते. म्हणजे ‘प्रयोग फसला’ म्हणणारे ज्या गटाची सरासरी सांगत होते, त्यातली अर्धी माणसे हललेलीच नव्हती.

२०१५ साली राज चेट्टी, नेथॅनिएल हेंड्रेन आणि लॉरेन्स कॅट्झ या तीन अर्थशास्त्रज्ञांनी तीच कुटुंबे पुन्हा तपासली. या वेळी त्यांनी मुलांकडे पाहिले, आणि मुले आता विशी ओलांडून कमावती झाली होती. तेराव्या वर्षाच्या आत चांगल्या वस्तीत गेलेल्या मुलांची कमाई, न गेलेल्यांच्या तुलनेत, ३१ टक्क्यांनी जास्त भरली. ती कॉलेजात अधिक गेली, आणि मुली मोठ्या झाल्यावर एकट्या माता होण्याचे प्रमाण त्यांच्यात कमी होते. तेरा उलटून गेल्यावर हललेल्या मुलांना मात्र लाभ झाला नाही, किंचित तोटाच झाला. उमलत्या वयात मित्र तुटण्याची ती किंमत असावी. एकूण अर्थ असा, की चांगल्या शेजारात काढलेले बालपणाचे प्रत्येक वर्ष मोजले जाते. ढवळ्या शेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, हे आपल्याकडे शेतकरी सांगत आला. अमेरिकेला त्यासाठी ४६०० कुटुंबे, वीस वर्षे आणि कर खात्याची दफ्तरे लागली. (जाता जाता: चेट्टी हे स्वतः दिल्लीत जन्मलेले आणि नवव्या वर्षी आईवडिलांबरोबर अमेरिकेत गेलेले. म्हणजे तेराच्या आत.)

तरीही ‘त्यांना जायचेच नसते’ हे पालुपद थांबले नाही. त्याचा निकाल लागला तो सिएटलमध्ये. २०१८ पासून सिएटल आणि किंग काउंटी यांच्या गृहनिर्माण प्राधिकरणांनी संशोधकांच्या साहाय्याने नवा प्रयोग सुरू केला. पहिल्या टप्प्यात लहान मुले असलेली सुमारे ४३० कुटुंबे होती, व्हाउचर सर्वांच्या हाती तेच. सोडतीत निवडल्या गेलेल्या कुटुंबांना मात्र एक माणूस सोबतीला मिळाला. त्याने कुटुंबाबरोबर बसून घराची अर्जपत्रे नीट करायची, जुन्या क्रेडिटच्या डागाचा खुलासा घरमालकाला कसा द्यायचा ते सांगायचे, घरमालकांना स्वतः फोन करायचे, तपासणी लवकर उरकायची, आणि डिपॉझिटला पैसे कमी पडले तर तेवढी रक्कम उभी करायची. बस्स, एवढेच. ज्यांना ही सोबत नव्हती त्यांच्यातली १५ टक्के कुटुंबे मुलांच्या भवितव्याच्या दृष्टीने उत्तम मानल्या जाणाऱ्या वस्त्यांत गेली. ज्यांना ती होती त्यांच्यातली ५३ टक्के गेली. बहुतेक टिकली, आणि आपल्या नव्या परिसराविषयी अधिक समाधानी आढळली. मदतीचा खर्च कुटुंबामागे तीन हजार डॉलरच्या आत. उलट, जन्मापासून अशा वस्तीत वाढणाऱ्या मुलाच्या आयुष्यभराच्या कमाईत जी भर पडेल तिचा संशोधकांचा अंदाज दोन लाख डॉलरच्या वर आहे. पुढच्या टप्प्यात नुसती माहिती आणि थोडे पैसे देऊन पाहिले, तेव्हा परिणाम बराच उणा झाला. फरक पाडत होती ती सोबत.

१५ आणि ५३ हे दोन आकडे आमच्या मते या सबंध वादातले सर्वांत महत्त्वाचे आहेत. सोडतीने वाटलेल्या दोन गटांच्या आवडीनिवडी वेगळ्या असू शकत नाहीत. तेव्हा गरिबांची ‘आवड’ हेच त्यांच्या पत्त्याचे कारण असते, तर डिपॉझिट आणि चार फोन यांनी ती आवड अशी पालटली नसती. स्टेफनी डिलूका या समाजशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी या कुटुंबांशी तासन् तास बोलले. त्या मुलाखतींतून दिसते ते असे, की कुणीतरी आपल्या बाजूने उभे आहे हे कळल्यावर, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, ‘आपल्याला कुठे राहायला आवडेल’ हा प्रश्न या बायकांनी स्वतःला विचारला.

आता दुसऱ्या आक्षेपाकडे वळू. तो पुरोगाम्यांचा आहे आणि त्याविषयी आम्हांला आदरही आहे. माणसे कशाला हलवता, वस्त्या सुधारा. जी गेली ती गेली, मागे उरलेल्यांचे काय? आपल्या मराठी वाचकाला तर हा आक्षेप चटकन पटेल, कारण गरिबांना ‘चांगल्या घरात’ नेण्याच्या गोष्टी आपण मुंबईत पाहिल्या आहेत. तानसा जलवाहिनीच्या कडेने राहणाऱ्यांच्या झोपड्या पाडून त्यांना तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी, माहुलच्या इमारतींत पाठवण्यात आले, आणि तिथल्या हवेने लोक आजारी पडू लागले. अखेर २०१९ मध्ये, कोणाला तिथे सक्तीने पाठवता येणार नाही असे उच्च न्यायालयाला सांगावे लागले. अहमदाबादेत १९८७ साली झोपडपट्टीतल्या स्त्रियांना सोडतीने शहराबाहेर पक्की घरे देण्यात आली. चौदा वर्षांनी पाहिले तर बऱ्याच जणी कधी राहायलाच गेल्या नव्हत्या किंवा परत आल्या होत्या. गेलेल्यांची नातीगोती तुटली होती आणि मुलांचेही काही विशेष भले झाले नव्हते.

पण ही उदाहरणे आमच्या बाजूची आहेत. माहुलला आणि अहमदाबादच्या वेशीवर गरिबाला घर मिळाले, पण जागा सरकारने निवडली, आणि निवडली ती कोणालाही नको असलेली. सिएटलमध्ये जागा कुटुंबाने निवडली, आणि निवडली ती सर्वांना हवी असलेली. एकीत माणसाला शहरातून उचलून बाहेर टाकले जाते, दुसरीत त्याला शहराच्या उत्तम भागात शिरू दिले जाते. दोहोंना ‘स्थलांतर’ हा एकच शब्द वापरला म्हणून दोन्ही एक होत नाहीत. राहता राहिले वस्त्या सुधारण्याचे. जरूर सुधाराव्यात, शिकागोच्या दक्षिण भागातल्या शाळांना पैसा मिळावा यासाठी जो कोणी झगडतो त्याच्या पाठीशी आम्ही आहोत. परंतु तीस वर्षांनी सुधारेल त्या वस्तीचा आज सात वर्षांच्या असलेल्या मुलीला काय उपयोग? तेरापर्यंत तिच्या हाती सहा वर्षे आहेत. शिवाय शिकागोतल्या सरकारी इमारती पाडल्या गेल्यावर नाइलाजाने बाहेर पडलेल्या मुलांचा एरिक चिन यांनी अभ्यास केला, तेव्हा तीसुद्धा मोठेपणी मागे राहिलेल्यांपेक्षा अधिक कमावती आढळली. ‘आधी वस्ती सुधारा’ हे वाक्य ज्यांच्या तोंडी शोभते ते वस्तीतच राहणारे लोक आहेत. ते उपनगरातल्या दिवाणखान्यातून ऐकू आले की आम्ही सावध होतो.

आणि आता त्या दिवाणखान्याविषयी.

सिएटलच्या प्रयोगात उत्तम ठरलेल्या वस्त्यांत किंग काउंटीच्या पूर्वेकडची काही उपनगरे येतात. व्हाउचरवरची कुटुंबे मात्र एरवी गोळा होत आली ती काउंटीच्या दक्षिणेकडे, केंट, ऑबर्न, टकविला या बाजूला. पूर्वेचा हा पट्टा मराठी माणसाला परका नाही. रेडमंडला मायक्रोसॉफ्टचे मुख्यालय आहे. बेलव्ह्यू, रेडमंड, समामिश येथे आपली माणसे मोठ्या संख्येने राहतात, गणपती बसवतात, दिवाळी अंक मागवतात. ती तिथे का राहतात असे विचारा. दहांपैकी नऊ जण सांगतील, ‘शाळांसाठी.’ घर विकत घेताना झिलो किंवा रेडफिनवर (या दोन्ही कंपन्या सिएटलच्याच) प्रत्येक घराखाली शाळेला दहापैकी किती गुण आहेत ते छापलेले असते. सातच्या खालचे घर आपल्या ओळखीत कोणी पाहायलाही जात नाही. मुलाची दुसरी-तिसरी गाठण्याच्या आत हलायचे, असा हिशेब प्रत्येक घरात झालेला असतो. चेट्टींचा निबंध न वाचता या मंडळींना त्याचा निष्कर्ष तोंडपाठ आहे. वस्तीने मूल घडते यावर त्यांची इतकी श्रद्धा आहे की त्यासाठी त्यांनी तीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेतले आहे.

आमचा प्रश्न एवढाच, की हीच श्रद्धा एखाद्या व्हाउचरवाल्या आईने दाखवली की तिला ‘सोशल इंजिनिअरिंग’ हे नाव का पडते? त्याच शाळेच्या हद्दीत भाड्याच्या घरांची चार मजली इमारत येणार अशी कुणकुण लागली की वाहतूक, झाडे, सांडपाणी, ‘परिसराचे स्वरूप’ अशी चिंता एकाएकी का दाटून येते? यात आपली मंडळी इतरांपेक्षा वाईट वागतात असे आमचे म्हणणे नाही. ती इतरांसारखीच वागतात, आणि तेच आम्हांला खुपते. कारण ज्या कुंपणाच्या आत ती आज उभी आहेत, ते कुंपण कधीकाळी त्यांच्याही विरुद्ध होते. घर गोऱ्याशिवाय कोणाला विकणार नाही अशी कलमे सिएटलच्या परिसरातल्या हजारो खरेदीखतांत होती, आणि त्यांत आशियाई माणसालाही स्पष्ट मज्जाव असे. ती कलमे न्यायालयातून वसूल करता येणार नाहीत असे सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली ठरवले. घरांतला भेदभाव कायद्याने गुन्हा ठरला तो १९६८ साली. खरेदीखतातला वंश गेला, पण एका भूखंडावर एकच घर बांधण्याची झोनिंगची सक्ती राहिली, आणि वंशाचे काम पुष्कळसे किमतीने केले. वॉशिंग्टन राज्याने २०२३ साली ही सक्ती बहुतेक शहरांत सैल केली, त्याआधी २०१८ मध्ये व्हाउचर पाहून भाडेकरू नाकारण्याला राज्यभर बंदी केली. हे दोन्ही कायदे झाले ते विरोध पचवून. टेक्ससने २०१५ साली नेमके उलटे केले: ऑस्टिन शहराने अशी बंदी घातल्यावर, कोणत्याही शहराला तसे करता येऊ नये म्हणून राज्याने कायदा केला. खुद्द राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी २०२० मध्ये, वस्त्यांतला भेद हटवण्याची जबाबदारी शहरांवर टाकणारा नियम रद्द केला, आणि गरिबांची घरे आता तुमच्या शेजारी येणार नाहीत असे उपनगरवासीयांना आवर्जून कळवले.

राहिला पैशाचा मुद्दा. करदात्याने कोणाच्या शेजारासाठी का भरावे, असे विचारणाऱ्यांपैकी ज्यांचे स्वतःचे घर आहे त्यांना गृहकर्जाच्या व्याजावर करसवलत मिळण्याची वाट मोकळी असते. साडेसात लाख डॉलरपर्यंतच्या कर्जाला ती लागू होते, कर्ज आणि कर जितके मोठे तितका तिचा लाभ मोठा, आणि तिच्यापायी सरकार दरसाल अब्जावधी डॉलर सोडून देते. या सवलतीसाठी प्रतीक्षायादी नाही. चारांपैकी एकालाच मिळेल अशी सोडत नाही. साठ दिवसांत वापरली नाही तर परत जाईल अशी धास्ती नाही, आणि कोणी फोनवर ‘व्याजसवलतवाले का?’ असे विचारून रिसीव्हर ठेवत नाही. दुसऱ्या बाजूला, व्हाउचरवरच्या कुटुंबांना सिएटलसारखी सोबत देऊन पाहण्यासाठी काँग्रेसने २०१९ आणि २०२० च्या अंदाजपत्रकांत मिळून पाच कोटी डॉलरच्या आसपास रक्कम मंजूर केली. प्रात्यक्षिक म्हणून. २३ लाख कुटुंबांच्या देशात हे प्रात्यक्षिक मोजक्या ठिकाणी चालते आहे, आणि जे १९७६ पासून शिकागोत दिसत होते ते दाखवून देण्याची सक्ती त्याच्यावर पुन्हा आहे.

किंग काउंटीतल्या आमच्या मराठी वाचकांकडे एक मागणे आहे. शाळेच्या हद्दीत भाड्याच्या घरांचा प्रस्ताव आला की शहराकडून टपालाने एक सूचना येते, सुनावणीची तारीख त्यावर असते, आणि दोनच दिवसांत शेजारचे कोणीतरी विरोधाच्या निवेदनावर सह्या गोळा करत दारात उभे राहते. ती सही करू नये. जमल्यास त्या सुनावणीला जावे, आणि आपण या वस्तीत का आलो, एवढेच तीन मिनिटांत खरेखरे सांगावे.